जांभईचा गोल

आमच्या कमलिनीबाईंना खोटी जांभई फार सुंदर देता यायची. ही तारीफ आहे, चेष्टा नव्हे. दुपारी दीड वाजता महिला मंडळाच्या हॉलमध्ये चाळीस पोरं दरीवर, म्हणजे आपल्या सतरंजीवर, आडवी केली, की त्या समोरच्या खुर्चीत बसायच्या, चष्मा काढून पदराला पुसायच्या आणि सावकाश तोंड उघडायच्या. आधी नाकपुड्या फुलायच्या, मग डोळे बारीक व्हायचे, मग जबडा असा खाली यायचा की मागची दाढ दिसावी. शेवटी डोळ्यांच्या कडेला थेंबभर पाणीसुद्धा आणायच्या. वाचता वाचता तुम्हाला एव्हाना आली असेल तर लाजू नका. मला लिहिताना दोनदा आली आहे.

ही गोष्ट भोपाळची, आमच्या कारखान्याच्या वसाहतीतली, सत्तरीच्या दशकातली. मी वैजयंती पानसे. माहेर साताऱ्याचं. यजमान दत्तात्रय मोटर वाइंडिंगच्या शॉपमध्ये टेक्निशियन. एका आठवड्यात पहिली पाळी, दुसऱ्यात दुसरी, तिसऱ्यात रात्रीची, असं आमचं घर भोंग्यावर चालायचं. वसाहतीत अख्खा देश भरलेला. डाव्या हाताला मल्याळी, उजव्या हाताला पंजाबी, वरच्या मजल्यावर बंगाली, आणि या सगळ्यांची पोरं सांभाळणारी बालवाडी एकच. ती कमलिनी देवपुजारी यांची. सगळा गाव त्यांना 'बहनजी' म्हणायचा, म्हणून आम्ही मराठी माणसंही बहनजीच म्हणायचो.

बहनजी नागपूरच्या. छप्पन साली नवं राज्य झालं आणि नागपूरच्या कचेऱ्या उठून भोपाळला आल्या, तेव्हा त्यांचे यजमान नीळकंठराव फायलींच्या पेट्यांसोबत इकडे आले. कारकून माणूस, अबोल, सज्जन. पुढे शिवाजी नगरात क्वार्टर मिळालं. मूलबाळ झालं नाही. त्याबद्दल कोणी हळहळायला लागलं की बहनजी म्हणायच्या, "चाळीस आहेत की. तुम्हाला एक सांभाळून नाही होत." बासष्ट साली बालवाडी निघाली तेव्हा मॅट्रिक झालेली आणि लहान पोरांना न घाबरणारी बाई पाहिजे होती. मॅट्रिक झालेल्या पुष्कळ मिळाल्या. न घाबरणाऱ्या या एकट्याच.

स्वभावाने म्हणाल तर फटकळ. रडणाऱ्या पोरांचा त्यांना राग नसे, रडणाऱ्या आयांचा भारी राग. पहिल्या दिवशी दारात पोर सोडताना आई डोळ्यांना पदर लावायला लागली की बहनजी ओरडायच्या, "बाई, तुम घर जाओ! बच्चा तो चुप हो जाएगा, तुमको कौन चुप कराएगा?" आणि दार लावून घ्यायच्या. पाच मिनिटांत ते पोर चुरमुरे खात बसलेलं असे.

पंचाहत्तर साली मी तिथे मदतनीस म्हणून लागले. अलका, माझी मुलगी, साडेतीन वर्षांची झाली होती. तिला सोबत नेता येईल आणि घरात सासूबाईंच्या डोळ्यांसमोरून चार तास तरी हलता येईल, असा दुहेरी विचार होता. सासूबाई वाईट नव्हत्या, पण त्यांच्या पहाऱ्यात चहासुद्धा घाबरत उकळायचा.

कामाला लागल्यावर आठवड्याभरात मला त्या जांभईचं रहस्य कळलं. मला वाटलं होतं, पोरं झोपावीत म्हणून त्या जांभई देतात. ते होतंच. पण जांभई देऊन झाली की बहनजी चष्मा लावायच्या आणि दरीवरून नजर फिरवायच्या, शेतावर पाखरं मोजावीत तशी. मोठ्या गटातल्या पोरांत एकाने तोंड उघडलं की दुसऱ्याचं उघडायचं, मग तिसऱ्याचं. खिडकीकडच्या बारक्या गटात मात्र काही नाही. तीन वर्षांची पोरं बहनजींच्या तोंडात टक लावून बघत राहायची. कधीतरी एखाद्या दिवशी बारक्या गटातल्या एखाद्याचं तोंड आपोआप उघडायचं. त्या दिवशी बहनजी हजेरीची वही मागवायच्या आणि त्या पोराच्या नावापुढे पेन्सिलीने एक छोटा गोल काढायच्या. जांभईचा गोल.

"हे काय हो बहनजी?" मी विचारलं.

"तीन वर्षांच्या पोट्ट्यासमोर मी दिवसभर जांभया दिल्या तरी ते माझे दात मोजते," त्या म्हणाल्या. "चार झाले, साडेचार झाले, की एक दिवस लागते. पंजाब्याचं पोट्टं असो का मल्याळ्याचं, जांभईला भाषा नाही लागत. लागली की समजायचं, आता याला समोरच्याचं आत पोचून राहिलं. मग त्याला मोठ्या गटात घ्यायचं. आणि मोठ्या गटातून शाळेत."

हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्याची जांभई लागणं हे पाळण्यातल्या पोरात नसतं, ते चार-पाच वर्षांच्या आसपास यायला लागतं, असं पुढे शास्त्रज्ञांनीही पाहिल्याचं मी कुठेतरी वाचलं. बहनजींनी ते खुर्चीत बसून पाहिलं होतं, रोज दुपारी, तेरा वर्षं. आयांना यातलं काही ठाऊक नव्हतं. हजेरीतला गोल म्हणजे पोराने दूध संपवलं, अशी वसाहतीत समजूत होती. एक बंगाली बाई तर रोज विचारायच्या, "हमारा बाबू को गोला कब मिलेगा?" आणि बाबूला घरून दोन वाट्या दूध पाजून पाठवायच्या.

कारखान्याच्या शाळेत पहिलीचा प्रवेश बहनजींच्या चिठ्ठीवर व्हायचा. तसा लेखी नियम नव्हता, पण हेडमास्तरांचा त्यांच्यावर विश्वास होता. "इस बच्चे को भेज रही हूँ" एवढंच लिहिलेलं असायचं, पाकीट उघडंच. आणि चिठ्ठी मिळायची ती गोल मिळालेल्यांना. हे फक्त बहनजींना माहीत होतं आणि मला. मला ते कळलं नसतं तर फार बरं झालं असतं.

कारण माझ्या अलकाला गोल मिळेना.

अलका शांत होती. शांत मूल म्हणजे देवाचं देणं, असं सगळे म्हणायचे, आणि मीही दोन वर्षं तसंच म्हणत राहिले. घरात ती थोडंफार बोलायची. तेही आजीशी. बालवाडीत दोन वर्षांत तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. कोणी समोर आलं की नजर खाली जायची. आणि तिला एक सवय लागली होती. अंगठा आणि मधलं बोट एकमेकांवर चोळत बसायची, मिनिटं मिनिटं. मी हात धरून सोडवायचे. सोडला की पुन्हा चालू. दुपारी बहनजींनी जांभई दिली, की सगळी पोरं आ करून पाहायची आणि अलका भिंतीकडे तोंड फिरवायची. पाठ आमच्याकडे, आणि बोटं चालूच.

चार वर्षं झाली. म्हटलं, होईल. साडेचार झाली. पाच झाली. तिच्याहून वर्षाने लहान असलेला शेजारच्या सदाशिवरावांचा मोहन, ज्याला स्वतःचं नाक पुसता येत नव्हतं, त्याने एका दुपारी ऐसपैस जांभई दिली. बहनजींनी वही मागितली. ती वही मीच नेऊन दिली. मोहनच्या नावापुढे गोल झाला आणि त्याच्या बरोबर वर अलका दत्तात्रय पानसे हे नाव कोरंच होतं. त्या दिवशी मी मोहनला चुरमुरे कमी घातले. अजून लाज वाटते.

सत्त्याहत्तर सालच्या फेब्रुवारीत बहनजींनी मला थांबवून घेतलं. पोरं गेली होती, मी दरी गुंडाळत होते.

"वैजयंती, या जूनला अलकाला शाळेत नको पाठवू."

मी दरी खाली टाकली. "काय चुकलंय तिचं?"

"चुकलं नाही काही. पण ती पाहतच नाही ना कोणाकडं. मी पाहून राहिली दोन वर्षांपासून. जांभई लागायला आधी समोरचं तोंड तरी पाहावं लागते. आणि ते बोटांचं... साठ पोट्ट्यांच्या वर्गात तिला कोण सांभाळंल? एक वर्ष जाऊ दे. इंदूरला एक डॉक्टर आहेत म्हणतात लहान मुलांचे, त्यांना दाखवू."

"जांभईवरून?" मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "एका जांभईवरून तुम्ही माझ्या मुलीला वेडी ठरवता?"

"वेडी मी नाही म्हणाली. तू म्हणून राहिली."

मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पण खरं सांगायचं तर मला बहनजींचा राग नव्हताच. मला भीती होती. पोर उशिरा बोलो, उशिरा शिको, चालेल. पण तिला आपण दिसतो का? माझं हसणं, रडणं, माझा चेहरा तिच्यापर्यंत पोचतो तरी का? आईला याहून मोठा प्रश्न नसतो, आणि हा प्रश्न नवऱ्यालाही विचारता येत नाही.

मग मी एक मूर्खपणा केला. शहाणपणाचा समजून केला. ठरवलं, परीक्षा जांभईचीच आहे ना? मग मी शिकवते. घोकंपट्टीवर तर आपली अर्धी पिढी पास झाली.

संध्याकाळी अलकाला समोर बसवायचे आणि जांभया द्यायचे. दहा, वीस, चाळीस. पहिल्या दोन खोट्या, त्यानंतरच्या आपोआप खऱ्या. मला बघून दत्तात्रयांना यायच्या. पहाटे उठून पहिली पाळी केलेला माणूस जेवता जेवता ताटावर पेंगायला लागला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "वैजू, कारखान्याच्या दवाखान्यात रक्त तपासून घे. तुझ्यात लोह कमी आहे." वरच्या मजल्यावरच्या बंगाली बाई साखर मागायला आल्या आणि दारातून जांभई देत परत गेल्या.

सर्वांत हाल झाले सासूबाईंचे. मनोरमाबाई पानसे म्हणजे शिस्तीचा पुतळा. त्यांच्या लेखी जांभई हा चारचौघांत करायचा प्रकारच नव्हे. आली तर पदर तोंडाशी घ्यायचा, मान फिरवायची, तोंडासमोर तीन चुटक्या वाजवायच्या आणि 'नारायण, नारायण' म्हणायचं. दुसऱ्याला आली तरी चुटकी त्याच वाजवणार. त्यामुळे माझ्या चाळीस जांभयांना एकशेवीस चुटक्या. शेवटी त्यांची बोटं दुखायला लागली. "काय हे ध्यान!" त्या ओरडल्या. "घर आहे की धर्मशाळा?"

आणि अलका? माझी पहिली जांभई सुरू झाली की तिचा चेहरा उतरायचा. मान भिंतीकडे वळायची. बोटं इतक्या जोरात चोळायची की अंगठ्याची कातडी लाल झाली होती. मी दिवसेंदिवस चिडत गेले. एका संध्याकाळी मी तिची हनुवटी धरली, तोंड माझ्याकडे वळवलं आणि ओरडले, "बघ माझ्याकडे! बघ ना गं!" आणि तिच्या डोळ्यांसमोर सगळा जबडा उघडला.

ती किंचाळली. इतकी रडली की तिला उलटी झाली. आजीने उचलून नेलं. मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत उभी राहिले आणि ठरवलं, इंदूरला जायचं.

मार्चमध्ये नीळकंठरावांना अर्धांगवायू झाला. डावी बाजू गेली. आमचं इंदूरला जाणं लांबलं. बहनजींनी चार दिवस सुट्टी घेतली आणि पाचव्या दिवशी शिवाजी नगरहून बस पकडून हजर झाल्या. त्यांच्या शेजारची सरोज दुपारी नीळकंठरावांपाशी बसायची. रात्र मात्र बहनजींची. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाणी पाजायचं. आमच्यासमोर त्यांनी कधी हूं की चूं केलं नाही. उलट दीडच्या ठोक्याला तीच नाटकी जांभई, तोच चष्मा. फक्त आता चष्मा लावायला जरा उशीर व्हायचा.

एप्रिलमधली ती दुपार मला अजून जशीच्या तशी दिसते. बाहेर अंग भाजणाऱ्या वाऱ्याची लू चालली होती. खिडकीच्या वाळ्याच्या ताट्यांवर मी नुकतंच पाणी मारलं होतं आणि हॉलमध्ये ओला वास पसरला होता. बहनजींची जांभई झाली, पोरांच्या झाल्या, अलकाचं तोंड भिंतीकडे झालं. हळूहळू सगळी झोपली. मी मागच्या खोलीच्या दारात पितळी पेले पुसत बसले होते.

बहनजींची मान खुर्चीच्या पाठीला टेकली. आणि मग त्यांना जांभई आली. खरी. दोन वर्षांत मी त्यांची खरी जांभई पाहिली नव्हती. ती मुळीच सुंदर नव्हती. जबडा वाकडा झाला, घशातून कण्हल्यासारखा आवाज आला, आणि तोंड मिटायचंच विसरून त्या तशाच बसून राहिल्या. डोळे बंद. थकलेलं, म्हातारं तोंड, उघडं.

दरीवर कोणीतरी उठून बसलं. अलका.

ती उभी राहिली. मोहनच्या तंगड्यांवरून पाय टाकत, एकालाही न तुडवता, खुर्चीपाशी गेली. मी हाक मारणार होते, मारली नाही. तिने टाचा उंच केल्या, उजवा हात बहनजींच्या तोंडासमोर नेला आणि अंगठा नि मधलं बोट एकमेकांवर घासलं. एकदा. दोनदा. तीनदा. आवाज आला नाही.

"नारायण," ती म्हणाली. मग पुन्हा हात वर.

बहनजींनी डोळे उघडले. समोर एवढीशी मूठ पाहून दचकल्या नाहीत, त्यांचं ते बरं होतं. हळूच म्हणाल्या, "काय वं बाई? काय करून राहिली?"

बालवाडीत दोन वर्षांत एक शब्द न बोललेली माझी मुलगी म्हणाली, "जीव बाहेर येतो. तोंड उघडलं की. चुटकी वाजवली की परत आत जातो. आजी म्हणते."

"असं का?"

"हं. माझी वाजत नाही." तिने बोटं पुढे करून दाखवली, लाल झालेली. "रोज करते. तरी वाजत नाही. तुम्ही रोज उघडता. सगळे उघडतात. आई तर खूप वेळा उघडते. आजी दमते मग."

मी हातातला पेला खाली ठेवला.

चाळीस वेळा. मी रोज संध्याकाळी चाळीस वेळा तिच्यासमोर मरायला टेकत होते, आणि ही पाच वर्षांची पोर मला वाचवायला बोटं सोलून घेत होती. चुटकी वाजेना म्हणून मान फिरवत होती, कारण जीव जाताना बघवत नाही. आणि मी तिची हनुवटी धरून ओरडले होते, बघ माझ्याकडे. ती कोणाकडे बघत नाही म्हणे! त्या सबंध वसाहतीत तिच्याइतकं कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

मी रडत होते. आयांच्या रडण्याचा राग असलेल्या बहनजींनी माझ्याकडे पाहिलं, पण त्या चक्क ओरडल्या नाहीत. त्यांनी अलकाचा हात हातात घेतला. "हे बोट इथं नाही ठेवायचं, इकडं, तळव्याच्या जवळ. अंगठा सोडायचा. आपटू दे खाली. माझीपण लहानपणी नव्हती वाजत." मग पोरं झोपलेली असताना त्या दोघी अर्धा तास चुटकीचा सराव करत बसल्या. बहनजींची टक्क वाजायची, अलकाची फुस्स. फुस्स झाली की अलका हसायची. तिचं ते हसणंही बालवाडीत पहिलंच होतं.

"जीव एवढा कच्चा नसते वं पोरी," बहनजी म्हणाल्या. "तुह्या आईचा तर मुळीच नाही. पण तू वाजव. आमच्या घरी एक आजोबा आहेत, त्यांच्यासाठीपण वाजव. त्यांना लागेल."

अलकाने मान डोलावली. जबाबदारी वाढल्यासारखी.

पोरं गेल्यावर मी दरी गुंडाळायला लागले. बहनजी हजेरीची वही उघडून बसल्या होत्या, पेन्सिल हातात. मला वाटलं, आता गोल काढतील. त्यांनी काढला नाही. पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाल्या, "पंधरा वर्षं मी पोट्ट्यांची तोंडं पाहिली, वैजयंती. हात पाहिलेच नाही."

त्या संध्याकाळी मी सासूबाईंशी भांडायच्या तयारीत घरी गेले. सगळं सांगितलं. त्या पांढऱ्याफटक पडल्या. "मला माझ्या आजीने सांगितलं होतं गं," एवढंच म्हणाल्या. त्यांनी अलकाला जवळ घेतलं आणि जीव कसा घट्ट बसलेला असतो, नारळातल्या खोबऱ्यासारखा, हे समजावत राहिल्या. मी भांडायचं विसरले. त्यानंतर मी त्या घरात खोटी जांभई कधी दिली नाही.

जूनमध्ये चिठ्ठी मिळाली. पाकीट उघडं होतं म्हणून मी वाचली, नसतं तरी वाचली असती. नेहमीच्या एका ओळीखाली बहनजींनी दुसरी ओळ लिहिली होती: "यह लड़की कम बोलती है और सबको देखती है। इसे आगे की बेंच पर बैठाइए।" हेडमास्तरांनी बसवलं. वर्ग साठांचाच होता. अलका रडली नाही, मीच रडले, फाटकाबाहेर, बहनजींना दिसणार नाही अशा बेताने.

आणि जांभई? तीही लागली. त्याच ऑक्टोबरात, एका सकाळी, रात्रपाळीहून आलेल्या बापाला बघून. मी चहा गाळत होते. दत्तात्रयांनी तोंड उघडलं, मग अलकाचं उघडलं, चांगलं ऐसपैस, आणि लगेच तिने घाईघाईने स्वतःच्या तोंडासमोर एक फुस्स चुटकी वाजवली. मी कोणाला सांगायला गेले नाही. पुढच्या वर्षीच्या हजेरीत कोणाच्याच नावापुढे गोल नव्हता. जांभई मात्र बहनजी रोज द्यायच्या, झोपवण्यापुरती. कोणाला पाठवायचं हे ठरवायला त्या आता खुर्चीतून उठून दरीवर पोरांच्यात येऊन बसायच्या, त्यामुळे गुडघे दुखतात अशी तक्रारही करायच्या. बंगाली बाईंनी बाबूचं दूध पुन्हा एका वाटीवर आणलं.

अलकाचं सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. ती कमीच बोलत राहिली. गर्दी तिला अजून सोसत नाही, लग्नाच्या हॉलमधून ती कधी निघून गेली ते कळत नाही. पण तिच्या मैत्रिणी दोनच होत्या आणि त्या पक्क्या होत्या. नीळकंठराव पुढे चार वर्षं होते. दर रविवारी आम्ही शिवाजी नगरला जायचो आणि अलका त्यांच्या पलंगापाशी बसायची. दोघंही न बोलणारी, त्यामुळे त्यांचं फार जमायचं. त्यांना जांभई आली की ती चुटकी वाजवायची, आणि ते उजव्या अर्ध्या ओठाने हसायचे.

अठ्ठ्याऐंशी साली बहनजी निवृत्त झाल्या. त्याच हॉलमध्ये निरोप समारंभ ठेवला होता. सव्वीस वर्षांतली पोरं जमली होती. कोणी मिशा फुटलेली, कोणी कारखान्यातच अप्रेंटिस लागलेली, कोणी कडेवर स्वतःचं पोर घेतलेली. मोहन नाक पुसून आला होता. अलका तेव्हा सोळा संपून सतराव्यात होती. सकाळी मी विचारलं तर म्हणाली, "नाही येणार मी. तीनशे माणसं असतील." मी आग्रह केला नाही. हनुवटी धरायची नाही, हे मी शिकले होते. पण वाईट वाटलं, बहनजींसाठी.

मी पहिल्या रांगेत बसले होते. बहनजी मंचावर, गळ्यात झेंडूचा हार, शेजारी मंडळाच्या अध्यक्षा शारदाबाई माइकला चिकटलेल्या. त्यांचं भाषण सुरू होऊन पाऊण तास झाला होता आणि त्या अजून वसाहतीच्या स्थापनेपाशीच होत्या. उकाडा मरणाचा. बहनजींची मान किंचित मागे गेली. मला ती मान ओळखीची होती. आणि मग सगळ्यांसमोर, हारासकट, त्यांना जांभई आली. खरी, वाकडी, आवाज करणारी.

झालं. पहिल्या रांगेतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. मिशावाले, अप्रेंटिस, आया, बाप, बंगाली बाबू, सगळी तोंडं उघडली. फक्त कडेवरची पोरं टकमक बघत होती. सव्वीस वर्षांची बालवाडी एका दमात जांभई देत होती. अध्यक्षांचंही वाक्य मध्येच तुटलं, कारण त्यांचाही जबडा खाली आला होता.

त्या शांततेत अगदी मागून, दारापासून, आवाज आला. टक्क. टक्क. टक्क.

खणखणीत.

मी वळले. माणसांच्या डोक्यांवरून काही दिसेना. पण बहनजींनी तोंड मिटलं होतं, चष्मा लावला होता आणि पुढे वाकून अध्यक्षांच्या हातातला माइक काढून घेतला होता.

"भाषण थांबवा जरा," त्या म्हणाल्या. मराठीत, विसरून. "अलका आली आहे."